राज्यघटना आणि पेडणे-डिचोलीचा माणूस



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी 'राज्यघटना' हा शब्द प्रथम ऐकला, त्याच शाळेत त्या शब्दावर बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, याचा आनंद आहे, तसा संकोचही आहे. मी घटनापंडित नाही. उभे आयुष्य तालुक्याच्या न्यायालयांत वकिली केलेला, एका कुळाचा मुलगा आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला नागरिकशास्त्र शिकवीत. मुक्तीनंतरची चार-पाच वर्षे लोटली असतील. घटनेची उद्देशिका वाचून झाली, तेव्हा मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, हे 'आम्ही' म्हणजे कोण? एकोणपन्नास साली आम्ही तर पोर्तुगिजांच्या राज्यात होतो." वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. "प्रश्न बरोबर आहे, एका तासात उत्तर देता येणार नाही," एवढेच ते म्हणाले. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

घटनासमितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. प्रांतांच्या कायदेमंडळांनी निवडलेले आणि पुढे संस्थानांतून आलेले सभासद तीत होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समिती नेमली गेली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमे व ८ परिशिष्टे असलेली घटना स्वीकारली गेली. हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. या सभेत गोव्याचा प्रतिनिधी नव्हता, असणे शक्यही नव्हते. तेरेखोलच्या पलीकडचे सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे बांद्याचा माणूस २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाचा नागरिक झाला, आणि दोन-चार कोसांवरचा पेडण्याचा त्याचा सोयरा सालाझारच्या अमलाखालीच राहिला. बोली एक, दैवते एक, लग्नसंबंध एकमेकांत. मधे फक्त एक चौकी.

तत्पूर्वी आपल्याला घटना ठाऊकच नव्हती, असे मात्र नाही. पोर्तुगालची पहिली घटना १८२२ सालची. त्याच साली बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे गोव्याचे प्रतिनिधी म्हणून लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. डिचोली आणि पेडणे हे महाल मात्र नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या हाती आलेले. त्यांना त्या संसदेचा आवाज फारसा ऐकू आला नाही. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदूंना कायद्यापुढे समान स्थान मिळाले, आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत शाळा, वाचनालये, वृत्तपत्रे यांना बहर आला. तो फार टिकला नाही. १९३० मध्ये वसाहतींसाठीचा कायदा आला आणि १९३३ मध्ये सालाझारची नवी घटना. या घटनेवर लोकमत घेण्यात आले खरे; पण जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची गणना 'होय' म्हणणाऱ्यांत करण्यात आली! भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य यांची नावे तीत होती, परंतु त्यांचा उपभोग कसा घ्यायचा हे खास कायद्यांनी ठरावयाचे होते, आणि ते खास कायदे सगळे स्वातंत्र्य गिळून बसले. लग्नपत्रिका छापण्यापूर्वीसुद्धा ती दाखवावी लागे, असे माझे वडील सांगत.

म्हणून १९४६ हे साल मी नेहमी दोन्ही अंगांनी पाहतो. १८ जून रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी हक्कांसाठी सभा घेतली. त्याच वर्षी डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पकडून, लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत घटनासमिती बसली. तिकडे जे मूलभूत हक्क म्हणून लिहिले जाऊ लागले, तेच इकडे मागितले म्हणून माणसे तुरुंगात जात होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच तारखेस पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यांत पंजाबातील करनैल सिंग ईसरू हा तरुण शिक्षक पडला. पत्रादेवीचे स्मारक आपल्या तालुक्यात आहे, वर्षातून एकदा तेथे हार चढतो.

आता प्रश्नाच्या मुळाशी येऊ. ज्या घटनेत आपण नव्हतो तीत आपण शिरलो कसे? घटनेच्या पहिल्याच कलमात भारताचे राज्यक्षेत्र सांगितले आहे. त्याच्या शेवटी एक लहानसे उपकलम आहे, की यापुढे जे प्रदेश संपादित होतील तेही भारताचे राज्यक्षेत्र होय. या दाराने कोण आत येणार हे लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवले नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आपण त्या दाराने आत आलो. मार्च १९६२ मध्ये संसदेने बारावी घटनादुरुस्ती करून गोवा, दमण व दीव यांचे नाव पहिल्या परिशिष्टात केंद्रशासित प्रदेश म्हणून घातले आणि ती दुरुस्ती २० डिसेंबर १९६१ पासून लागू झाली असे मानले गेले. पोर्तुगालने मात्र हे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरच्या दिवशी झालेल्या कराराने, लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर.

जमीन आत आली, माणसांचे काय? २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने असे ठरविले, की जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेला असेल, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला. ज्याला हे नको असेल त्याने महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे. अशा लिहून देणाऱ्यांपैकी एका धर्मगुरूंचा, माँतेरो यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने सांगितले, की ज्याने परके राहणे पत्करले त्याला परकीयांचे नियम लागू होतील. निकाल कठोर वाटेल. परंतु त्यातून एक गोष्ट सिद्ध होते, की आपल्याला 'नाही' म्हणण्याची मुभा होती. १९३३ मध्ये मौनाचा अर्थ 'होय' असा लावला गेला होता; १९६२ मध्येही गप्प राहणारा भारतीय ठरला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. फरक एवढाच, की १९६२ मध्ये 'नाही' म्हणणाऱ्याला त्याबद्दल कोणी तुरुंगात घातले नाही. माँतेरो यांनाही शिक्षा झाली ती मुदत संपल्यावर परवान्याशिवाय राहिल्याची.

कायदे मात्र एका रात्रीत बदलले नाहीत. १९६२ च्या प्रशासन कायद्याने, बदलेपर्यंत जुने कायदे चालू ठेवले. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता कुटुंबविषयक बाबींपुरती आजही आपल्याकडे चालते. घटनेच्या ४४ व्या कलमातील समान नागरी कायद्याचा विषय निघाला की देशभर गोव्याचे उदाहरण दिले जाते. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता, हे सांगायला सहसा कोणी थांबत नाही.

कायदे चालू राहिले, पण जुन्या सरकारने दिलेले हक्क चालू राहिले का? येथे डिचोलीचा प्रश्न येतो. पोर्तुगिजांनी खाणींसाठी कायमच्या सवलती वाटलेल्या होत्या. नव्या सार्वभौमाने मान्य केल्याखेरीज जुन्या सार्वभौमाने दिलेला हक्क न्यायालयात चालत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच खटल्यांत लावले आहे. शेवटी १९८७ साली संसदेने कायदा करून या सवलती रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे साध्या खाणपट्ट्यांत रूपांतर केले. पट्ट्याला मुदत असते. त्यामुळे २०१४ साली न्यायालयाने सांगितले, की हे मानीव पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले, त्यानंतरचे खणणे पट्ट्याविना झाले. विकलेल्या खनिजाच्या किमतीतून दहा टक्के पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावेत, असाही आदेश दिला. २०१८ च्या निकालाने दुसऱ्यांदा केलेले नूतनीकरणही गेले. डिचोलीच्या ज्या घरांनी ट्रक घेतले होते त्यांच्यावर काय बेतले हे मी जवळून पाहिले आहे. ज्यांच्या शेतात लाल गाळ शिरला त्यांचेही पाहिले आहे. खनिज जमिनीखालचे असले तरी ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न शेवटी घटनेच्या दारीच सुटला. सुटायला पन्नास वर्षे लागली, ही वेगळी गोष्ट.

आता १९६७ सालाकडे वळतो; या विषयावर माझे मन अद्यापही पूर्ण निवळलेले नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीने आपल्याला विधानसभा मिळाली, तीस निवडलेल्या जागांची. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लगोलग प्रश्न उभा राहिला, की महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे? घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्ये घडविणे, मोडणे, सीमा बदलणे हा संसदेचा अधिकार आहे. त्यासाठी लोकांचा कौल घ्यावा असे घटना कोठेही म्हणत नाही. सार्वमत ही कल्पनाच तीत नाही. तरी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. आपले सरकार पायउतार झाले, विधानसभा विसर्जित झाली, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. त्या दिवसांत मी तेराएक वर्षांचा होतो. आमच्या वाड्यावर एकही भिंत फुलाविना उरली नव्हती. गुरुजीही फुलाचे, आमचे घरही फुलाचे. पेडणे, डिचोली हे तालुके फुलाकडे झुकले. पण गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. निकालानंतर गुरुजी वर्गात आले, फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि आम्हांला वजाबाकी करायला सांगितली. ३४,०२१. ते म्हणाले, "पुन्हा करून पाहा, चुकली नाही ना?" मग फळा पुसून पुढचा धडा सुरू केला.

त्या वजाबाकीपेक्षा त्यानंतर जे घडले ते घटनेच्या अभ्यासकाने पाहावे. अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाचा कौल हरला होता त्याच पक्षाला लोकांनी पुन्हा सत्तेवर बसविले. सरकार कोणाचे आणि प्रदेश कोणता, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे आपल्या मतदाराने ओळखले. विलीनीकरण झाले असते तर बरे झाले असते, असे मला बरीच वर्षे वाटे. तिळारीचे पाणी दोडामार्गाहून कालव्याने आपल्या तालुक्यांत येते, तेव्हा अजूनही क्षणभर वाटते. पण तीस आमदारांची, पुढे चाळीसांची विधानसभा नसती, तर ज्या कुळकायद्याविषयी मी आता बोलणार आहे त्याला आपल्या भाटांची आणि शेतांची इतकी जवळून ओळख असती का, याची मला शंका आहे.

३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. छप्पन्नाव्या दुरुस्तीने विधानसभेच्या किमान तीस जागांची हमी घटनेतच आली. केंद्रशासित प्रदेशासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. घटकराज्य झाल्यावर सातव्या परिशिष्टातील राज्यसूची आपली झाली, म्हणजे जमीन, शेती, पंचायती हे विषय पणजीत ठरू लागले. त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. १९९२ मध्ये एकाहत्तराव्या दुरुस्तीने कोकणी आठव्या परिशिष्टात आली. मराठी तेथे १९५० पासूनच आहे. आठवे परिशिष्ट आणि राज्याची राजभाषा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली संसद ठरविते, दुसरी ३४५ व्या कलमाप्रमाणे राज्याची विधानसभा. आपल्या सभांतून या दोहोंची सरमिसळ होते आणि आवाज चढतात, एवढेच सांगून मी हा विषय सोडतो.

कुळकायद्यावर मात्र थोडे रेंगाळू द्या. माझे वडील दुसऱ्याच्या जमिनीत भात पिकवीत आणि सुगीला खंड घालीत. किती पिकले यापेक्षा किती उरले याची चिंता अधिक. जमीन कधी काढून घेतली जाईल याची शाश्वती नव्हती. १९६४ च्या कुळकायद्याने संरक्षण दिले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घरातून हुसकावण्याला आळा घातला, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने सांगितले, की कसणाऱ्या कुळाने ती जमीन विकत घेतली आहे असे मानले जाईल, किंमत मामलेदार ठरवील. हे 'मानले जाईल' शब्द माझ्या वडिलांना शेवटपर्यंत उमगले नाहीत. "न विकता विकत कशी घेतली?" असे ते विचारीत.

जमीनमालकांनीही तोच प्रश्न न्यायालयात विचारला, आणि येथील न्यायालयाने दुरुस्ती रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच १९८४ साली संसदेने सत्तेचाळिसावी घटनादुरुस्ती केली आणि आपले दोन्ही कायदे नवव्या परिशिष्टात घातले. हे परिशिष्ट मूळ घटनेत नव्हते; १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने जमीनसुधारणेच्या कायद्यांसाठी ते निर्माण केले गेले. त्यात नाव आले की मूलभूत हक्कांचा भंग झाला या कारणाने कायदा रद्द होत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली दुरुस्ती वैध ठरविली. पुढे २००७ मध्ये याच न्यायालयाने असे सांगितले, की २४ एप्रिल १९७३ नंतर या परिशिष्टात घातलेला कायदा घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का देतो का, हे तपासता येईल. तो कुएल्यो खटला. नाव आपल्या शेजाऱ्याचे वाटते, परंतु खटला तामिळनाडूतील गुडलूरचा आहे. आपले कायदे १९८४ चे, म्हणजे ही खिडकी त्यांच्याही बाबतीत उघडी आहे.

कायदा परिशिष्टात गेला तरी तो शेतापर्यंत पोचायला कागद लागतो. सत्तरच्या दशकात जमिनींची मोजणी झाली तेव्हा एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात ज्याचे नाव लागले तो तरला. आमच्या बांधापलीकडचा शेतकरी त्या दिवशी आजारी होता. त्याच्या रकान्यात काहीच लिहिले गेले नाही आणि कसणारा आपणच हे सिद्ध करण्यात त्याची वीस वर्षे गेली. आमचे नाव लागले होते, तरी एका कचेरीत आमची फाईल दोनदा गहाळ झाली. खरेदीचा दाखला हाती आला तेव्हा वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या जागी अंगठ्याऐवजी मी सही केली. २०१४ साली कुळांचे खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आले, त्यावर गावोगावी ओरड झाली आणि काही वर्षांनी ते पुन्हा मामलेदारांकडे आले. अजूनही माझ्याकडे असे कागद घेऊन माणसे येतात. त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते, की त्यांच्या हातातल्या फाटक्या उताऱ्याचा धागा थेट घटनेच्या शेवटच्या पानांपर्यंत जातो.

घटनेने आपल्याकडचे सगळेच हिशेब पुरे केले, असे मी म्हणणार नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत गोव्यात या जमातींचे १,४९,२७५ लोक होते, दर दहांत एक. ३३२ वे कलम सांगते की अशांसाठी विधानसभेत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखाव्यात. तरी २०२२ च्या निवडणुकीपर्यंत एकही जागा राखलेली नव्हती. पेडणे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. गोव्यात तसा तो एकच. जमातींच्या जागांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे दर्जा मिळाल्यानंतर बावीस वर्षांनी.

मला दिलेला वेळ संपला आहे. राज्यघटनेची मराठी प्रत मी आज शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. नववे परिशिष्ट उघडून २०१ आणि २०२ हे अनुक्रमांक विद्यार्थ्यांनी पाहावेत. गोव्याचे ते दोन्ही कायदे तेथे आहेत. येथेच थांबतो.